गुंडा हवालदाराची जुळणी

फलटणपासून जरा आत असलेल्या त्या गावात माणसाची टर उडवायला मुहूर्त लागत नाही. गुंडा हवालदार तर आयताच सापडला होता. फौजेत सिग्नलवाला, वायरलेस सांभाळणारा, आता रिटायर. ऊस बायको मनुबाई बघायची आणि हा माळवदावर सीबी रेडिओ घेऊन बसायचा. ट्रकवाले आपसात बोलायला ठेवतात तसला सेट. कधी एखादा ड्रायव्हर शिरवळचा रस्ता तुंबलाय का विचारायचा, तेवढ्यावर गुंडाची संध्याकाळ साजरी व्हायची.

पारावर बसला की तो एकाच माणसाची आठवण काढायचा, अर्जुनाची. जतकडचा गडी, एकाच पलटणीतला. गस्तीवर सुरुंगात त्याचा पाय गेला, मदत फार उशिरा पोचली. वीसेक वर्षं झाली, गुंडा त्याला एकदाही भेटला नव्हता. मनुबाई म्हणायची, "त्या डब्यात वरडण्यापरीस येष्टीनं जावा की जतला." गुंडा विषय बदलायचा. का बदलायचा ते तिलाही ठाऊक नव्हतं.

भावकीतल्या उदयसिंहानं उसाच्या गाड्यांसाठी तसलेच सेट घेतले होते. एका संध्याकाळी आवाज लांबून आल्यासारखा वाटावा म्हणून त्यानं आपल्या सेटची अँटेना आडवी पाडून ठेवली, माईकवर रुमाल धरला आणि शेडात जमलेल्या पोरांना गप्प बसायची खूण केली. इकडं गुंडाच्या सेटमधून, खरखरीच्या तळातून आवाज आला, "गुंडा, जतहून अर्जुना बोलतोय. ओव्हर."

एवढ्याशा सेटचा आवाज जतहून इथवर येत नाही, हे दुसऱ्या कुणाला गुंडानंच समजावून सांगितलं असतं. पण माणसाला जे ऐकायचं असतं ते ऐकताना तो अक्कल बाजूला ठेवतो. त्यानं दोन्ही हातांनी माईक धरून बटण दाबलं.

"माज्याकडं ॲम्प्लिफायर हाय, म्हणून तुला ऐकू येतंय," रुमालाआडचा अर्जुना म्हणाला. "तुजा आवाज लय फुटतोय. तू बी लाव."

झालं. गुंडा शिरवळच्या भंगारवाल्याकडून जुना ॲम्प्लिफायर घेऊन आला. पण तो सेटला नुसता जोडून भागत नाही, जुळवावा लागतो. सेट देतो तेवढं ॲम्प्लिफायरला सोसलं पाहिजे, ॲम्प्लिफायर देतो तेवढं अँटेनानं घेतलं पाहिजे. नाहीतर ती ताकद उलटी फिरते आणि आतलाच ट्रान्झिस्टर नावाचा बारका भाग जाळते. गुंडानं सेटची ताकद कमी केली, अँटेनाची तार बोट बोट छाटली. मीटरचा काटा हवा तिथं येऊन थांबला. जुळणी फक्कड झाली होती.

"न्हाई रं गड्या," अर्जुना म्हणाला. "अजून फुटतंय."

सिग्नलवाल्याची एक सवय असते. आपला आवाज कसा जातोय हे तो स्वतः ठरवत नाही, पलीकडचा सांगेल ते खरं धरतो. गुंडानं स्वतःच्या मीटरवर अविश्वास दाखवला आणि चांगली जुळणी मोडली. परत तारांना कथलाचे डाग दिले, परत तार छाटली. दोनदा ट्रान्झिस्टर जळले, एकदा बोटं भाजली. शेडात पोरं पोट धरून लोळत होती. पाण्याच्या मोटारीचे पैसे रेडिओत गेल्यानं ऊस वाळत चालला होता आणि मनुबाईनं बोलणं सोडलं होतं. गावात सगळ्यांना माहीत होतं. एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही, कारण मजा कुणाला संपवायची नव्हती.

शेवटी उदयसिंहालाच कंटाळा आला. त्या दिवशी शेडात मटण शिजत होतं. "आता बरूबर येतंय," तो म्हणाला. "बोल काय ते."

आणि गुंडा बोलला. इतकी वर्षं त्याला हेच बोलायचं होतं, फक्त तोंड न दाखवता. "अर्जुना, तुजा पाय गेला त्या दुपारी सेटवर मीच हुतो. खरखर नको म्हणून आवाज बारीक केला हुता. खिशातला रेडिओ कानाला लावून क्रिकेटची म्याच ऐकत बसलो. तू हाका मारत हुतास, त्या मला लय उशिरा कळल्या. साहेबांना सांगितलं, ब्याटरी बसली हुती. माफ कर रं मला. ओव्हर."

शेडातलं हसू थांबलं. उदयसिंहानं एकदा पातेल्याकडं पाहिलं आणि रुमाल नीट धरला. "माफ केलं. जेवायला बसतोय आता," म्हणाला आणि सेट बंद केला. एवढं ऐकल्यावर तरी त्यानं खरं सांगायला हवं होतं. त्यानं रस्सा वाढून घेतला.

दुसऱ्या दिवशी गुंडा दाढी करून, फौजेची टोपी घालून जतच्या एसटीत बसला.

अर्जुना दारातल्या बाजेवर बसला होता, लाकडी पाय शेजारी काढून ठेवलेला. गुंडाला पाहताच त्याचे डोळे भरून आले. बायकोला हाक मारून म्हणाला, "अगं, चहा टाक, ह्यो गुंडा. मी सांगत नसतो का, ब्याटरी बसली नसती तर ह्यानं मला तसा पडू दिला नसता."

गुंडानं टोपी काढली. "तू माफ केलंस न्हवं?" त्यानं विचारलं. "रेडिओवर. काल."

"कसला रेडिओ?" अर्जुना म्हणाला. "आन माफ कशापायी?"

तिथं गुंडानं गप्प बसायचं होतं. चहा प्यायचा, चार जुन्या गोष्टी बोलायच्या आणि परत यायचं. पण काल मनावरचं ओझं उतरल्याचं सुख त्यानं चाखलं होतं, आता ते परत उचलायची त्याच्यात ताकद नव्हती. त्यानं सगळं सांगितलं. या वेळी समोर तोंड होतं.

 ऐकून झाल्यावर अर्जुनानं शेजारचा लाकडी पाय ओढून घेतला आणि त्याचे पट्टे बांधायला लागला.

"कोण जिंकलं हुतं?" त्यानं विचारलं.

गुंडाला आठवत होतं. एवढ्या वर्षांत ते विसरायला जमलंच नव्हतं.

"आपण," तो म्हणाला.