दरसालचा खड्डा

कॉलेजच्या शिबिराला निघायच्या आधी सरांनी वर्गात एकेकाला उभं करून विचारलं, "ग्रामविकासाची प्रेरणा तुला कुठून मिळाली?" सगळ्यांचं उत्तर एकच, समाजसेवा. खरं तर एकाला वाढीव मार्क हवे होते, दुसऱ्याला शेजारच्या वर्गातली एक पोरगी दिसायला हवी होती, तिसऱ्याला घरच्या तुरीच्या सोंगणीतून सुटका. मला पोळ्यांपासून हवी होती. घरी तीन भाऊ, तिघांचीही भूक दांडगी आणि लाटणं एकट्या माझ्या हातात. आठवडाभर लाटणं दिसू नये, एवढंच माझं खेड्यांवरचं प्रेम.

कामरगावच्या पुढच्या एका खेड्यात उतरलो. पोट्ट्यांना टिकाव-फावडी मिळाली, आम्हा पोरींना पोळपाट. तीन भावांच्या पोळ्या चुकवून मी अख्ख्या शिबिराच्या पोळ्या लाटायला आले होते. कपाळच फुटकं, दुसरं काय.

पोट्टे सरपंचांच्या घरापुढे शोषखड्डा खणत होते, सांडपाणी जमिनीत मुरावं म्हणून. दरसाल कॉलेजचं शिबिर येतं आणि तिथंच खणतं, कारण तिथं फोटो चांगला येतो. शिबिर गेलं की सरपंच खड्डा बुजवून त्यावर ट्रॅक्टर उभा करतात. माती भुसभुशीत झालेली, त्यामुळे पोट्ट्यांचा सेवाभाव टिकून होता.

आमचा मुक्काम होता त्या शाळेसमोरची म्हातारी आमच्या चुलीपाशी येऊन बसली. "पोरीहो, तोच खड्डा कायले खणून राह्यले दरसाल? हापशीचं पानी माह्या दारात साचते. सून दोनदा घसरली. आठवा महिना लागला तिले. मी सांगू सांगू थकली."

मला तिची दया आली असं लिहायला हरकत नाही, पण खरं म्हणजे संताप आला, आणि त्यातला निम्मा पोळ्यांचा होता. पिठाच्या हातांनीच उठले, उरलेलं एक फावडं उचललं नि तिच्या दारात घातलं. बाकीच्या पोरी मागून आल्या.

दुपारी पोट्टे जेवायला आले तर परातीत नुसती कणीक. सर म्हणाले, "हा खड्डा आपल्या नियोजनात नाही."

मी म्हटलं, "सर, लाटणं तरी नियोजनात कुठं होतं?"

पोरी खणतात आणि आपण बघतो, हे पोट्ट्यांना सहन होईना. भूक तर त्याहून नाही. अर्धे खड्ड्यात उतरले, अर्धे चुलीपुढे पोळ्या लाटायला बसले. पोळ्या कुठं कच्च्या, कुठं करपलेल्या, पण एकही उरली नाही. शिबिर संपायच्या आत म्हातारीच्या दारातला खड्डा दगड-विटांनी भरून झाला आणि हापशीचं पाणी त्यात मुरू लागलं.

समारोपाला पाहुण्यांनी आमच्या निःस्वार्थ वृत्तीचं कौतुक केलं. फोटो अर्थातच सरपंचांच्या खड्ड्याशी. निघताना म्हातारीची सून कोरड्या दारातून आमच्या गाडीपर्यंत चालत आली, सावकाश, पण भिंत न धरता. मला रडू आलं, ते मी खिडकीकडे तोंड करून उरकलं.

घरी पिशवी खाली ठेवायच्या आत आई म्हणाली, "आली का? बरं झालं. कणीक भिजवून ठेवली हाये."

तिघे भाऊ ताटं घेऊन बसलेच होते. मी पोळपाट मधल्यापुढे सरकवला.

"मले कुठं येते?" तो म्हणाला.

"भूक लागली की येते," मी म्हटलं, आणि ताट घेऊन त्याच्या शेजारी बसले.