टोपड्याच्या लेसचा धागा

तुम्ही कधी पेन्सिलीला धागा गुंडाळून वेढे मोजलेत का? जयपूरला जवाहर नगरमध्ये माझ्या घरी आम्ही तिघी दर गुरुवारी हेच करायचो. कडक उशीवर नक्षीचा कागद, कागदाच्या भोकांत टाचण्या, आणि लाकडी बॉबिनींवरचे धागे एकमेकांवरून टाकत लेस विणायची. धाग्याची जाडी चुकली की सगळं चुकतं, म्हणून एका सेंटिमीटरमध्ये किती वेढे बसतात ते आधी मोजायचं. या मोजण्यातून आमच्याकडे लेसपेक्षा किस्सेच जास्त साठले. त्यातला एक मला अजून हसत सांगता येत नाही.

*

वैशालीचे मिस्टर बँकेत, बदलीने इथे आलेले. पहिल्याच दिवशी ती पेन्सिल विसरली. पर्समधून भुवयांची पेन्सिल काढून तिने टोकाकडेच वेढे घेतले. मोजणी अगदी बरोबर आली. पांढऱ्या लेसची पहिली बोटभर पट्टी मात्र तपकिरी निघाली.

*

धाग्याचा नंबर मोठा, तितका धागा बारीक. वैशालीने हे उलटं लक्षात ठेवलं आणि ऐंशीच्या जागी वीस नंबर आणला. रुमालाची कड विणून तिने नवऱ्याला दाखवली. त्यांनी कौतुकाने विचारलं, "कोणत्या बुटाची?"

*

माझीही फजिती सांगते. कॉलरची नक्षी झेरॉक्सला दिली, तर दुकानातल्या भैयाने आपुलकीने ती मोठी करून दिली. "भाभीजी, पूरा पन्ना भर दिया." मी धागा मात्र आधी मोजलेला बारीकच वापरला, आणि कॉलरची विरळ जाळी झाली. आमचे हे कॉलर बघून म्हणाले, कांदे भरायला बरी आहे.

प्रमिलाताई आमच्यात सगळ्यात मोठ्या, मूळच्या नागपूरच्या. यजमान रेल्वेतून रिटायर झाले आणि ती दोघं इथेच राहिली. त्यांनी कॉलरवरून बोट फिरवलं. "नक्षी मोठी झाली, तर धागाही जाड घ्यायचा नं," त्या म्हणाल्या. आम्ही दोघी हसतच होतो.

*

त्याच प्रमिलाताईंनी नातीच्या बाळाच्या बारशासाठी टोपड्याची लेस करायला घेतली. येताना जाड धागा आणला. मी वेढे मोजले. बारा. नक्षीला चोवीस हवे होते.

"ताई, हा नाही चालायचा."

"मला हाच दिसून राहिला गं," त्या हळूच म्हणाल्या.

मी नियम सांगितला. वर, मदत म्हणून बारीक धागा वीस बॉबिनींवर स्वतः गुंडाळून दिला.

मग त्या उशी घरीच ठेवू लागल्या. विचारलं की म्हणायच्या, होऊन राहिली.

ताई बारशाला नागपूरला निघायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे लेस पाहायला गेले. उशीवरचं फडकं काढलं. शेवटच्या भोकापर्यंत टाचण्या नीट टोचलेल्या होत्या. वीसही बॉबिनी मी दिल्या तशाच भरलेल्या.

"भोक बोटाला लागतं," प्रमिलाताई म्हणाल्या. "धागा नाही लागत."

जाड धागा त्यांनी उशीखाली जपून ठेवला होता. तो पर्समध्ये टाकून त्या म्हणाल्या, असू दे, टोपडं लेसशिवायही चालतं. मी टाचण्या काढून नक्षीचा कागद घेतला आणि झेरॉक्सच्या दुकानाकडे पळाले. शटर खाली होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रमिलाताईंची गाडी सव्वासातला सुटली. दहाला दुकान उघडलं, आणि मी नक्षी दुप्पट मोठी करून घेतली.