निळा एप्रन आणि पाठीमागचा प्यूमा

आमचे डॉन नोल्बेर्तो मान्सिया बोलायच्या बाबतीत अगदीच कच्चे. तरुणपणी मेंढ्या राखायला प्यूमा मारायचे, आता आमच्या अभ्यास-केंद्राला त्याच प्यूमांचा माग काढून देतात. ठसा कालचा की आजचा, घोड्यावरून न उतरता सांगतील. पण स्वयंपाकघरात एर्सिराबाईंसमोर बसले की तोंडाला कुलूप. कडू पानांचा माते-चहा पीत राहायचं आणि "वारा सुटलाय" म्हणायचं. आमच्याकडे वारा कधी सुटलेला नसतो, ते मला सांगा.

एर्सिराबाई आमच्या स्वयंपाकीण. विधवा, हाताला चव, जिभेला धार. शनिवारच्या बसनं त्या पुन्ता आरेनासला बहिणीकडे कायमच्या निघाल्यात हे कळलं, आणि म्हाताऱ्याचं जेवणच सुटलं. मी गाडी चालवतो, मला सगळं दिसतं. म्हटलं, "अहो, विचारून टाका एकदा."

"सराव नाही," म्हणाले.

त्यात बाईंचा निळा एप्रन हरवला. आळ माझ्यावर. "तूच गाडी पुसली असशील त्यानं. तुझी लक्षणं ठाऊक आहेत मला." आठवडाभर माझ्या सुपात नुसता बटाटा. डोकं असं तापायचं!

शुक्रवारी दुपारी रानातल्या कॅमेऱ्यांचे फोटो सगळ्यांनी मिळून बघायचे, हा आमचा रिवाज. शास्त्रज्ञ रोमिनानं भिंतीवर फोटो लावले. आधी कोल्हा. मग एक ग्वानाको, म्हणजे आमचा बिनवशिंडाचा उंट, कॅमेऱ्याच्या खांबाला बूड घासताना. त्या घासण्यानं कॅमेरा पार उलटीकडे फिरला.

डॉन नोल्बेर्तो उठलेच. "घोडा बघून येतो." कॅमेरा त्यांनीच बांधलेला, त्याला कुठली बाजू दिसत नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं.

पुढचा फोटो. काटेरी कालाफातेचं झुडूप, त्याला निळा एप्रन नेसवलेला. समोर एका गुडघ्यावर डॉन नोल्बेर्तो, टोपी छातीशी. पुढच्यात हात पसरलेले. पुढच्यात डोकं खाजवताहेत, आणि त्यांच्या पाठीमागे पाय जुळवून बसलेला प्यूमा. त्याच्या पुढच्यात प्यूमाची जांभई.

"हीच ती मादी," रोमिना हळूच म्हणाली. "महिनाभर शोधतोय आपण हिला."

मी हसून हसून बाकावरून पडलो. मग दारातच अडकलेल्या म्हाताऱ्याचा चेहरा दिसला आणि मी हसू आवरलं.

एर्सिराबाई हात पुसत पुढे आल्या. "झुडूप काय म्हणालं?"

"काही नाही."

"आणि ती मागची?"

"तिनं जांभई दिली."

"म्हणजे भाषण लांबलं. थोडक्यात विचारा. उद्या बस आहे माझी."

डॉन नोल्बेर्तोंनी टोपी हातात गोल गोल फिरवली. घसा खाकरला. मी मनात म्हटलं, बोल की रे बाबा.

"वारा सुटलाय," ते म्हणाले. आमचा सगळ्यांचा हिरमोड झाला. मग त्यांनी मान वर केली. "अशात जाऊ नका."

बाईंनी हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं. मग म्हणाल्या, "आधी माझा एप्रन काढून आणा त्या झुडपावरून. उद्याच्या सुपाला लागेल."

त्या सुपात मला मांस मिळालं. माफी मात्र अजून कोणी मागितलेली नाही.