आर्डिसच्या फ्रिजचे पंखे

आर्डिस क्वामेनं नॉर्थ डकोटात एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. पोर उतरलं की त्याच्या घराचं दार उघडेपर्यंत ती बस हलवायची नाही, मग बाहेर बर्फाचं वादळ का असेना. हे मला तिनं नाही, तिच्या नवऱ्यानं, लायलनं सांगितलं. स्वतःबद्दल बोलणं तिच्या जिवावर यायचं.

लायल गेला तेव्हा आम्हाला वाटलं, आता ही कॅम्पर, म्हणजे दोघांचं ते चाकांवरचं घर, विकणार. पण नोव्हेंबरात नेहमीसारखी हिवाळा काढायला ॲरिझोनातल्या आमच्या कॅम्परांच्या तळावर हजर. एकटी पिकअप चालवत, मागे कॅम्पर ओढत, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. माझ्या शेजारच्या जागेत तिनं एका दमात कॅम्पर मागे घातला, तोही फ्रिजची भिंत बरोबर उत्तरेला ठेवून. दुपारचं ऊन त्या भिंतीवर पडलं की फ्रिज दमतो, म्हणून इथं सगळे तसंच लावतात.

पण ती एका अटीवर आली होती. मुलगी, रोंडा, म्हणाली होती, "आई, कॅम्परमध्ये काही बिघडलं तर तुझं तुला दुरुस्त करता आलं पाहिजे. रस्त्यात शेजारी नसतो. नाही जमलं, तर कॅम्पर विकायचा आणि माझ्याकडे यायचं." तिच्याकडे म्हणजे तळघरातल्या खोलीत. आर्डिसनं शब्द दिला होता.

मार्च संपत आला, ऊन तापू लागलं, लोक उत्तरेकडे परतायची तयारी करू लागले आणि नेमके तेव्हा तिच्या फ्रिजचे पंखे ओरडायला लागले. फ्रिजच्या मागे, बाहेरच्या जाळीआड, तळहाताएवढे दोन पंखे असतात. तिथली गरम हवा वर ढकलून बाहेर काढायची, एवढंच त्यांचं काम. पण बेअरिंग सुकलं की जीव नकोसा करतात.

चार वाजता सगळे खुर्च्या मांडून बसतो, तेव्हा समोरच्या डेलनं टोमणा मारलाच. "आर्डिस, आत कोण घोरतंय गं?"

"तू नाहीस, एवढं नक्की," ती म्हणाली.

मी चाळीस वर्षं फ्रिज आणि एसी दुरुस्त करण्यात घालवलेला माणूस. म्हटलं, "दे इकडे, अर्ध्या तासाचं काम आहे."

"हात लाव वेंडल, मग बघ!"

तिनं नवे पंखे मागवले आणि सकाळी कामाला लागली. एक स्क्रू चार वेळा वाळूत पडला. मी माझ्या खुर्चीत बसून बघत होतो, माझे हात नुसते शिवशिवत होते. दुपारी पंखे फिरले. आवाज नाहीच. तिनं माझ्यासमोर रोंडाला फोन लावला. "बसवले. एकटीनं. वेंडल? तो बसलाय खुर्चीत खांब होऊन."

दुसऱ्या दिवशी कॉफी देताना म्हणाली, "लोणी मऊ लागतंय रे. नवे आहेत, होईल ठीक."

माझ्या लक्षात आलं. ती कपडे धुवायला गावात गेली तशी मी जाळी काढली. एक पंखा उलटा बसला होता. एक हवा वर ढकलत होता, दुसरा खाली, आणि गरम हवा तिथल्या तिथेच गोल फिरत होती. जुने ओरडत तरी होते. हे इतके गप्प की चूक कोणाच्या कानावर येणार? पाच मिनिटांत मी पंखा सुलट केला, जाळी लावली आणि साळसूदपणे येऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी लोणी घट्ट. "बघ, म्हटलं नव्हतं?" ती इतकी खूश होती की मला तिच्याकडे बघवेना.

त्याच्या पुढच्या सकाळी ती निघाली. कॅम्पर जोडला, इंजिन सुरू झालं. पुढे नेवाडा, युटा, सगळा उन्हाचा रस्ता, आणि मी या बाईला तिच्या हातांबद्दल खोटं सांगून पाठवत होतो. मला राहवलं नाही. खिडकीशी जाऊन सगळं सांगून टाकलं.

तिनं इंजिन बंद केलं.

"पुन्हा उलटा लाव," ती म्हणाली.

"काय?"

"मी लावला होता तसा. लाव, आणि जाऊन बस."

मी लावला. तोंडात मारल्यासारखं झालं होतं. ती खाली उतरली, टिश्यू पेपरची पट्टी फाडली आणि आधी एका पंख्यासमोर धरली, मग दुसऱ्यासमोर. एकीकडे पट्टी वर उडाली, दुसरीकडे खाली ओढली गेली. मग तिनं चार स्क्रू काढले, पंखा फिरवला, चार स्क्रू बसवले. तासभर लागला. शेवटी पट्टी दोन्हीकडे वर उडाली.

मग फोन लावून स्पीकरवर टाकला आणि म्हणाली, "रोंडा, त्या दिवशी मी तुला खोटं सांगितलं. मला माहीत नव्हतं, पण खोटंच ते." सगळी हकिकत सांगून म्हणाली, "आज मात्र खरं आहे."

रोंडा म्हणाली, "सावकाश चालव, आई."

निघताना आर्डिसनं काच खाली केली. "वेंडल, माझ्या पाठीमागे मला मदत करू नकोस. मला काय जमतं ते मला कळायला हवं. जमणार नाही त्या दिवशी मीच सांगेन."

त्यानंतर ती दोन हिवाळे आली. दुसऱ्या खेपेला कॅम्पर जागेत घालायला तिला पाच वेळा मागेपुढे करावं लागलं. आम्ही सगळे आपापल्या खुर्चीत बसून राहिलो, कोणी उठलं नाही. तसं बसून राहणं फार जड गेलं.

मार्चमध्ये एक पंखा पुन्हा कुरकुरायला लागला. तिनं नवा मागवला. दोन दिवस तो डब्यातच पडून होता. तिसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दाराशी आली आणि मूठ माझ्याकडे करून स्क्रूड्रायव्हर पुढे धरला.

"सांगेन म्हटलं होतं," ती म्हणाली. "सांगतेय."

मी मुद्दाम हळू काम केलं. पण काम संपायचं ते संपलंच. कागदाची पट्टी मात्र तिनंच धरली. हात फार थरथरत होता, तरी पट्टी वर गेली ते दोघांना दिसलं. मग ती माझ्या खुर्चीत बसली आणि फोन लावला.

"रोंडा," ती म्हणाली, "या वेळी वेंडलनं बसवला."