पापड का तडकतो ते शांतीला ठावं

शांते, फोनवर बोलत न्हाईस म्हणून हे बोलणं फोनात भरून धाडते, अशी जवळ धरून ऐक. तुझी मोठी जाऊ म्हणून आज जरा रागावणार हाय. तीन उन्हाळं झालं, फोन केला की "कामात हाय" म्हणून ठेवतीस. असलं कसलं गं काम?

तुझा राग कशाचा ते मला ठावं हाय. घोडेगावच्या स्टँडवर माझं बोचकं गाडीत चढवलंस आन् मागं न बघता निघालीस. आदल्या आठवड्यातच नाचणीच्या पापडांची सावड माझ्या अंगणात झाली व्हती. तुमी सहा जणी माझ्यासाठी राबला. पुढची पाळी तुझ्या अंगणाची. आन् मी चालले पोराच्या मागं आळेफाट्याला! सासूबाई म्हणायच्या, "सावड घेतली तर फेडावी, न्हाईतर हात जड व्हतो." म्हटलं, येईन की महिन्यात. आले न्हाई.

ते गावचे पापड पोराच्या हाटेलात ठेवले, तर डायवर लोक मागून मागून खायचे. मग आमीच धंदा काढला. मी सांगत गेले, सूनबाईनं वहीत उतरवलं, मशीन आणलं. वाळवणावर ट्रकांची धूळ बसायची, म्हणून शेजारच्या हमीदभाईंनी जाळीची पत्र्याची पेटी ठोकून दिली. जुन्नरच्या कारागिराचं घर ते, डोकं लई.

पण पापड काठाला तडकतात गं. दोन हाटेलांनी घ्यायचं बंद केलं. सूनबाई म्हणती, "आत्या, वहीत हाय तसंच केलंय." हमीदभाई म्हणतात, "मावशी, पत्रा माझा, पापड तुमचे. पेटीला बोल लावू नका."

बूड टेकत न्हाई माझं. घडीघडी पेटी उघडते, लावते. परवा उघडता उघडता ध्यानात आलं. मी जन्मभर पोळपाटाशी बसले, वाळवणाकडं पाठ करून. खाटांमधनं फिरायचीस तू. पापड उचलून गालाला लावून ओल बघायचीस, मग एखादा सावलीत सरकवायचीस, एखादा उन्हात. मी चिडवायची, "मुका घेतीस व्हय गं त्याचा?" मला वाटायचं मला पापड येतो. मला लाटणं येतं, शांते. बाकीचं सहा घरांत व्हतं.

गावात एक घास खाल्ला की "वैनी, खार चढलाय" म्हणायचे. हितं गिऱ्हाईक बोलत न्हाई, नुसतं दुसरीकडं जातं. आता घर म्हंजे मला तेवढंच वाटतं. चुकलं ते तोंडावर सांगणारं माणूस.

गरज पडली तवा आठवली म्हणशील. अर्धं खरं हाय, खोटं कशाला बोलू? सोमवारी मी येते, तुझ्या अंगणात लाटायला बसते, नको म्हणू नगस. धंद्यात तू बरोबरीची, हे सूनबाईसमोर बोलून ठेवलंय. परतताना माझ्यासंगं चल. चार दिस ऱ्हा, पेटीत हात घाल, मला चार शिव्या दे. पण ये बाई, हे ऊन सरायच्या आत ये.