फक्त वाचायला दिलेली चौदा पानं

मी रागीट आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको. घोडेगावात कचेरीच्या फाटकासमोर माझी पत्र्याची खोली होती, आणि त्या खोलीत माझा आवाज रस्त्यापर्यंत जाई. लोक तरीही येत. कारण अर्ज कसा लिहायचा, कुणाच्या नावे लिहायचा, खाली कोणती कागदपत्रं जोडायची, हे मला तोंडपाठ होतं. माहेर बोरी बुद्रुक. तिथून एसटीनं जुन्नरला जाऊन मी मराठी टायपिंगच्या परीक्षा दिल्या, लग्नानंतर इकडं आले आणि दहा वर्षं टाइपरायटर बडवला. टाइपरायटर सरळ माणसासारखा. दाबलं की उमटतं, नाही दाबलं तर नाही उमटत. त्यात समजून घेण्यासारखं काही नव्हतं.

मग कॉम्प्युटर आला. मंचरहून एक मशीनवाला येऊन जोडून गेला. सगळं त्यानं एका सीडीतून भरलं आणि मला चार गोष्टी दाखवल्या. उघडायचं कसं, टाइप करायचं कसं, सेव्ह करायचं कसं, छापायचं कसं. पाचवी गोष्ट विचारली की म्हणायचा, "म्याडम, वापरता वापरता कळेल." मला काही कळत नव्हतं, पण ते गिऱ्हाइकाला कशाला दाखवायचं? पडद्यावर इंग्रजी चौकट आली की मी गंभीर चेहरा करून ती वाचायची, 'हं' म्हणायची आणि अंदाजानं काहीतरी दाबायची.

अशातच एका उन्हाळ्यात तळेघरकडची एक बाई आली. तळेघरला एसटीतून उतरून पुढं तासभर चाललं की तिची वाडी. वाडीतल्या लहान पोरांना ती आपल्या पडवीत गोळा करून बसवायची, गाणी शिकवायची, कुणी सांगितलेलं नसताना. जवळची अंगणवाडी ओढ्यापलीकडं. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की चार महिने पोरं घरी. तिला वाडीवर अंगणवाडी हवी होती, आणि त्या वर्षी तालुक्यातून मागणी अर्ज घेत होते. अर्जाबरोबर घरवार यादी द्यायची: कुणाचं घर, पोरं किती, जन्म कधीचा, ओढ्यापासून घर किती लांब.

ती यादी तिनं एका वहीत केली होती. सगळी पेन्सिलनं, खोडून, परत लिहून, बाणांनी इकडचं तिकडं नेऊन. आजूबाजूच्या दोन वाड्यासुद्धा पायी फिरून तिनं धरल्या होत्या. कचेरीतला कारकून वही बघून म्हणाला, टाइप करून आणा, हे कोण वाचणार? म्हणून ती माझ्याकडं आली. मी तीन दिवस ती यादी टाइप केली. ती शेजारी बसून वाचायची, मी बोटं चालवायची. चौदा पानं झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटचं पान संपत आलं आणि लाइट गेली. कॉम्प्युटरच्या बॅटरीनं कधीच मान टाकली होती. मी म्हटलं, "ताई, काळजी करू नका, मी मधे मधे सेव्ह केलंय. उद्या सकाळी या, छापून देते." अर्ज द्यायचा शेवटचा दिवस उद्याच होता, संध्याकाळी पाचपर्यंत.

दुसऱ्या दिवशी ती दहाच्या आधीच पायरीवर येऊन बसली. मी मशीन चालू केलं, यादीवर दोनदा टिचकी मारली, आणि पडद्यावर चौकट आली. हळूहळू जुळवून वाचली. ही फाइल अमुक अमुक यांनी कुलूपबंद केली आहे, असं काहीतरी. आणि खाली एका माणसाचं नाव, आडनावासकट! आडनाव आमच्या बाजूचं नव्हतंच. मी आयुष्यात तसल्या आडनावाचा माणूस पाहिला नव्हता.

"काय म्हनतंय?" ताईंनी विचारलं.

"तुमची यादी एका साहेबांच्या ताब्यात आहे."

"कोन्त्या सायबांच्या?"

तेच तर मला कळेना. खोलीला कुलूप मी लावलेलं, किल्ली माझ्या कमरेला. रात्रीतून हा गृहस्थ आत आला कुठून? मशीन बंद करून चालू केलं. परत तेच नाव. चौकटीत दोन-तीन बटणं होती, त्यातलं एक दाबलं, आणि काय आश्चर्य, यादी उघडली! चौदाच्या चौदा पानं. ताई खुर्चीतून उठल्या, पडद्याजवळ तोंड नेऊन बघायला लागल्या. मी शेवटची राहिलेली ओळ टाइप केली आणि सेव्ह करायला गेले, तर मशीननं नकार दिला. वर पट्टीत इंग्रजीत लिहिलेलं होतं, त्याचा अर्थ मला लागला. फक्त वाचण्यासाठी.

आता माझं डोकं कसं चाललं ते सांगते, कारण सगळी गडबड तिथंच झाली. आमच्या कचेरीत जुन्या कागदांचा नियम असा, की कागद बघायचा तर त्याचा अर्ज वेगळा, आणि नक्कल हवी तर त्याचा अर्ज वेगळा. बघायला दिलेल्या कागदावरून कुणी पेन्सिलनं चार ओळी उतरवायला लागला, की कारकून अंगावर येई. वाचायला दिलंय, नक्कल करायला नाही! नकलेवर ज्याच्या ताब्यात कागद आहे त्याची सही लागते, शिक्का लागतो. दहा वर्षं मी तेच अर्ज टाइप करत होते. दुसऱ्याला शिकवतही होते. तेव्हा फक्त वाचायला दिलेला कागद म्हणजे काय, हे मला मशीननं वेगळं सांगायची गरज नव्हती.

ताई म्हणाल्या, "म्याडम, दिसतंय की सगळं. मंग असंच काढा की छापून. ती एक वळ मी पेनानं लिव्हते."

आणि मी तिच्यावर खेकसले. "तुम्हाला काय कळतंय त्यातलं? हे काय वहीचं पान आहे फाडून द्यायला? साहेबांनी फक्त बघायला दिलंय. परवानगीशिवाय नक्कल काढली आणि उद्या तपासात सापडली तर तुमचा अर्ज तर जाईलच, माझं दुकानही जाईल. उगाच मधे मधे बोलू नका."

ती ओशाळली. पदर सारखा करून परत खुर्चीत बसली.

मग मी त्या साहेबांना शोधायला निघाले. चप्पल पायरीवरच राहिली, ती अर्ध्या रस्त्यात ऊन लागल्यावर लक्षात आली, पण परत फिरले नाही. ताई वही छातीशी धरून माझ्यामागून. कचेरीत शिपायाला चिठ्ठीवर लिहिलेलं नाव दाखवलं. तो म्हणाला, नवीन बदलून आले असतील, वरच्या मजल्यावर बघा. वरच्या मजल्यावर म्हणाले, आमच्याकडं असे कुणी नाहीत, कोर्टात विचारा. कोर्टाच्या आवारात एका वकिलांनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढला, परत वाचली. "आडनाव ऐकल्यासारखं वाटतंय," म्हणाले. "जुन्नरला असतील." मला बाई एकदम धीर आला! जुन्नरला टायपिंगच्या परीक्षेला माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण होती, तिचंही तिथं माझ्यासारखंच दुकान. एसटीडी बूथवरून तिला फोन लावला.

"अगं, एक नाव सांगते, तिकडं या नावाचे कुणी साहेब आहेत का बघ." मी नाव सांगितलं.

तिकडून ती ओरडलीच. "अगं बया! हा माणूस माझ्या मशीनमधे पण आहे! मधे दोनदा माझ्या फायली धरून बसला होता."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? परत टाइप केल्या."

फोन ठेवला आणि मला खरोखर भीती वाटली. जुन्नर आणि आमचा आंबेगाव, दोन्ही तालुक्यांतली कागदपत्रं एकच माणूस बघत होता. म्हणजे हा साधासुधा साहेब नव्हता. नक्की कुणीतरी पुण्याहून नेमलेला. ताईंना मी हळू आवाजात तसं सांगितलं. त्यांनी विचारलं, "त्यांनला आमच्या वाडीतल्या पोरांचं काय पडलंय?" मी त्यांना घेऊन दुकानात परत आले.

परत टाइप करायचं म्हटलं तर चौदा पानं, तीन दिवसांचं काम. तरी बसले. चार पानं झाली असतील, समोर फाटकाचा आवाज आला. पाच वाजले होते. ताई वही घेऊन पळत गेल्या. कारकुनानं खिडकी लावता लावता हात हलवला. त्याचाही काही दोष नव्हता, आलेले अर्ज बांधून झाले होते. साडेपाचची एसटी तळेघरची शेवटची. ती चुकली तर इथंच मुक्काम. जाताना त्या मला म्हणाल्या, "तुमी लई धावलात माज्यासाठी." मला रडू आलं, पण मी ते रागावर काढलं. त्या साहेबाला त्याच्या आडनावासकट इतक्या शिव्या दिल्या की शेजारचा चहावाला बघायला आला.

दुसऱ्या दिवशी मंचरहून मशीनवाला आला. लपवून ठेवलेल्या फायली उघड्या केल्या, त्यातली एक इवलीशी पुसून टाकली, आणि यादी निमूट उघडली.

"साहेब कुठं गेले?" मी विचारलं.

"कोण साहेब?" तो हसत सुटला. "म्याडम, ते तुमच्याच मशीनचं नाव आहे. मी भरलेल्या सगळ्या मशीनना, जुन्नरच्यासुद्धा, तेच नाव आहे, सीडीवरच होतं. लाइट गेली तेव्हा फाइल उघडी राहिली, म्हणून मशीनला वाटतंय तुम्ही अजून ती धरून बसलाय. कुलूप तुमचंच."

"मग हा माणूस कोण?"

"मला काय ठाऊक? असेल कुठंतरी."

म्हणजे अख्खा दिवस मी मलाच शोधत अनवाणी फिरले होते. मी त्याला ती इवली फाइल पुसायची कशी ते तीनदा दाखवायला लावलं, वहीत लिहून घेतलं. पण फक्त वाचायच्या कागदाचं त्यानं सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. तो नियम मला ठाऊकच होता ना!

त्या वर्षी अंगणवाडी दुसऱ्या वाडीला गेली. परत अर्ज निघायला तीन वर्षं लागली. ताई मात्र दरवर्षी भात झोडून झालं की यायच्या, पिशवीत दोन शेर तांदूळ घेऊन. नको म्हटलं तरी डब्यात ओतायच्या. "तुमी त्या दिशी उन्हात बिनचपलीच्या पळत व्हता," म्हणायच्या. मीही तो तांदूळ खुशाल खायची. आपण केलंच होतं की तेवढं.

पाच-सहा वर्षं अशी गेली. अवसरी खुर्दला इंजिनिअरिंग कॉलेज झालं होतं. तिथं शिकणारी आमच्या गल्लीतली एक मुलगी सुट्टीत प्रोजेक्टची पानं छापायला आली. पेनड्राइव्ह लावला, फाइल उघडली, आणि माझी जुनी चौकट पडद्यावर हजर. मला तर आनंदच झाला. "थांब," म्हटलं, "ह्याचा इलाज फक्त माझ्याकडं आहे." मी वही काढेपर्यंत तिनं बटण दाबलंसुद्धा. वर पट्टीत तेच शब्द, फक्त वाचण्यासाठी. तिनं छापायला दिलं आणि प्रिंटरमधून पानं यायला लागली. एकामागून एक.

"अगं, परवानगी?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"कुणाची, काकू?"

मी स्टुलावर बसले. ती पानं जुळवून, टाचून, "येते काकू" म्हणून गेली. दोन मिनिटंसुद्धा लागली नव्हती.

त्या वर्षी ताई तांदूळ घेऊन आल्या तेव्हा मी डबा पुढं केला नाही. "आधी बसा," म्हटलं. आणि सांगून टाकलं. साहेब कुणी नव्हताच, कुलूप माझंच होतं, आणि तुम्ही म्हणालात तसं सकाळी दहालाच छापायचं बटण दाबलं असतं तर चौदा पानं निघाली असती. मी चुकले. तुमचं बरोबर होतं.

त्यांनी तांदळाची पिशवी खाली ठेवली. मला वाटलं चिडतील. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडण मला जमतं.

"म्हंजी मी बोलले ते बराबर व्हतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"मला वाटलं, आपल्याला कायबी कळत न्हाई. तवापासनं मी कुठल्याच हापिसात तोंड उघडलं न्हाई, म्याडम. दुसऱ्यांदा अर्ज निघाला, तवा वाडीतल्या गड्यांला धाडलं. म्हनलं, आपुन मधी बोलायचं न्हाई." मग हसल्या थोड्या. "अंगनवाडी आली, पन सेविका दुसरीच झाली. चांगली हाय पोरगी."

मला मान वर करवेना. किती वर्षं तांदूळ खाल्ला मी!

"ती यादी हाय का अजून त्याच्यात?" त्यांनी विचारलं.

होती. नवं मशीन घेतलं तेव्हा जुन्या फायली सगळ्या इकडं आणल्या होत्या. उघडली. कुठलीच चौकट आली नाही. त्यांनी प्रिंटरकडं बोट केलं, आणि मी छापायला दिलं. त्या उभ्याच राहिल्या. येईल ते पान हातात घेऊन पोरांची नावं वाचत होत्या: हा आता सहावीला, ही मामाकडं शिकायला, हा आश्रमशाळेत. शेवटचं पान पडलं तेव्हा त्यांनी ते उचललं, बाकीच्या पानांवर ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं.

"निघतंय की," त्या म्हणाल्या.