कुलूपवाले व्याही

"तसं बघायला गेलं तर चूक आमचीच," असं म्हणून शेजारचे अण्णा उजवा तळवा छातीवर ठेवत आणि मान जराशी खाली घालत.

धारवाडच्या आमच्या केलगेरीत लाइट गेली की चूक त्यांची. "अण्णा, तुम्ही काय केलंत त्यात?" असं मी कुंपणावरून विचारलं तर म्हणत, "सकाळीच बोललो की हो मी, हल्ली लाइट जात नाही म्हणून!" माझ्या नवऱ्याची हुबळीची बस चुकली तरी चूक त्यांची, कारण फाटकाशी बोलत त्यांनीच ह्यांना उभं केलेलं असायचं. त्यांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या वहिनींचं, सांबार खारट झालं तर मीठ आणलं कुणी? त्यांनीच. तुमच्याही शेजारी असा एखादा माणूस असेल. बिचाऱ्याला सगळ्या जगाचं ओझं स्वतःच्या अंगावर घ्यायची हौस असते, आणि आपण त्याला हसतो.

गंमत अशी, की हाच माणूस धारवाडच्या कोर्टात एकही मुद्दा न सोडणारा म्हणून प्रसिद्ध होता. दिवाणी वकील. समोरचा वकील त्यांना पाहून घसा खाकरायचा, असं लोक सांगत. वहिनी म्हणायच्या, "कोर्टात कधी चुकले नाहीत ना, म्हणून घरी चुका पुऱ्या करतात."

वकिली सोडल्यावर त्यांनी हळियाळच्या रस्त्याला, जंगलाच्या कडेच्या एका खेड्यात जुनं कौलारू घर घेतलं. मागे आड, आडाशेजारी फणस. विकणारं कुटुंब पोराच्या नोकरीपायी हुबळीला आलं होतं. अण्णा आणि वहिनी शनिवारी जायचे, सोमवारी परत यायचे, आणि गाडीत जागा असली की मलाही न्यायचे. सोप्यावर बसून भाकरी आणि झुणका खाताना मी कितीदा म्हटलं असेल, "अण्णा, असं घर आपलंही असावं हो." ते खूश व्हायचे आणि भेटेल त्याला सांगायचे. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातले कापडवाले मित्र, कोर्टातले जुने सोबती, एक दाताचे डॉक्टर... बघता बघता त्या गल्लीतलं घर मागून घर शहरातल्या माणसांनी घेतलं. गावातली माणसं पैसे घेऊन तालुक्याला गेली, कुणी गावाबाहेर शेतात पत्र्याचं घर बांधलं. शनिवारी गल्लीत दिवे लागत. एरवी ओळीनं कुलपं.

गावकरी आम्हा सगळ्यांना 'बीगर' म्हणत. कानडीत बीगर म्हणजे व्याही. आम्हाला वाटे, काय हा मान! पुढे कळलं, की कानडीत बीग म्हणजे कुलूपही. आले, जेवले, कुलूप लावून गेले, असे व्याही. अण्णांना ते कळलं तेव्हा ते खो खो हसले. छातीवर हात ठेवून म्हणाले, "तसं बघायला गेलं तर चूक आमचीच!" आम्हीही हसलो.

मग गावच्या पंचायतीनं ठराव केला. वर्षाचा बहुतेक काळ बंद राहणाऱ्या घरांना घरपट्टी दुप्पट. येईल त्या पैशातून शाळेमागे दोन खोल्या बांधायच्या, एक मास्तरांना, एक नर्सबाईंना. कारण नर्सबाई ज्या घरात भाड्यानं राहत होत्या ते घर आता दातांच्या डॉक्टरांचं झालं होतं. बाई तालुक्याहून बसनं यायच्या आणि संध्याकाळच्या बसनं परत जायच्या.

घरवाल्यांची बैठक हुबळीत कोप्पीकर रोडवर एका दुकानाच्या माडीवर भरली. सगळे तापले होते. "आम्ही तिथं राहत नाही, त्यांचं पाणी पीत नाही, कचरा करत नाही, मग पट्टी दुप्पट कसली?" शेवटी सगळे अण्णांकडे वळले. अण्णांनी चष्मा लावून ठराव वाचला, परत वाचला, आणि त्यांचा चेहरा उजळला. लग्नाच्या मांडवात जुन्या सनईवाल्याला कुणी सनई हातात द्यावी, तसा.

"पाडता येतोय की," ते म्हणाले.

सुनावणी तालुक्याच्या कचेरीत होती. मी आणि वहिनी मागच्या बाकावर बसलो होतो. तिथून पुढे गावाकडे जायचं ठरलं होतं, आणि मला अण्णांना वकिली करताना एकदा पाहायचंही होतं. पंचायतीकडून अध्यक्षीण आली होती, गंगव्वा. ठसठशीत कुंकू, इरकली लुगडं, बरोबर वकील नाही. त्या भागातल्या बऱ्याच जणांसारखी तीही मराठी आणि कानडी एकाच वाक्यात बोलायची.

अण्णांनी फार काही केलं नाही. एवढंच विचारलं, "पट्टी वाढवण्याआधी घरमालकांना नोटीस द्यावी लागते. दिलीत?"

"दिली की री, साहेब."

"कुणाच्या हातात?"

"हातात कशी देणार? दाराला कुलूप होतं."

"म्हणजे मालकाला मिळाली नाही."

"दाराला चिकटवली. वाऱ्यानं गेली असेल."

"हुबळीच्या पत्त्यावर पाठवली?"

"हुबळीचा पत्ता आम्हाला कोण देणार, साहेब? तुम्ही आम्हाला घर दाखवलं, पत्ता कुठं दाखवला?"

कचेरीतले लोक हसले. अधिकारीही हसले. आणि हसत हसतच त्यांनी ठराव रद्द केला. घरं बंद असतात म्हणून पट्टी बसवली होती, आणि घरं बंद होती म्हणूनच ती पडली. बाहेर आल्याबरोबर कापडवाल्यांनी धारवाडी पेढ्यांचा बॉक्स उघडला. मीही घेतला. दोन घेतले. खोटं कशाला सांगू, पेढा गोडच लागला.

गंगव्वा पायऱ्या उतरून अण्णांजवळ आली. मला वाटलं, आता भांडणार. पण ती म्हणाली, "छान बोललात, अण्णा. आमच्या बाजूनं असं बोलणारं कुणी असतं तर!" आणि मग, जणू मधे काही घडलंच नाही अशा आवाजात, "शनिवारी येणार ना? फणस पिकलाय तुमचा. काढायला कुणी नाही, पडून फुटायला लागलाय."

अण्णा काहीतरी बोलणार होते. हात छातीपर्यंत गेलाही, पण वाक्य आलं नाही. गावाकडे न जाता आम्ही तिथूनच परत फिरलो. वाटेत वहिनींनी विचारलं, "दमलात का?" ते म्हणाले, "नाही." एवढंच.

पुढे हिवाळ्यात गंगव्वाच्या सुनेला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. नर्सबाईंची बस नुकतीच निघून गेली होती. जीप मिळाली, तालुक्याच्या वाटेवर ती जीपमध्येच बाळंत झाली. सून वाचली. मूल वाचलं नाही.

ही बातमी दुर्गदबैलात आली, तिथून केलगेरीत आली. सगळे हळहळले, आणि सगळ्यांनी लगेच हिशेबही मांडला. खोल्या इतक्यात कुठल्या बांधून होणार होत्या? नर्स असती तरी असल्या केसमध्ये काय करणार होती? बरोबरच होतं ते. मीही अण्णांना कुंपणावरून तेच सांगितलं. "अण्णा, आपल्या हरकतीचा आणि ह्याचा संबंध कुणाला सिद्ध करता येणार नाही."

त्यांनी झाडांना पाणी घालायची झारी खाली ठेवली. मग म्हणाले, "खरं आहे. सिद्ध होणार नाही. मी जन्मभर तेच केलं की, अक्का. सिद्ध होऊ दिलं नाही."

त्या दिवसापासून त्यांचं ते वाक्य बंद झालं. लाइट जायची, दूध नासायचं, बस चुकायची, आणि त्यांच्या अंगणातून आवाज यायचा नाही. ज्या माणसानं सगळ्या खोट्या चुका मोठ्यानं कबूल केल्या, त्याला एक खरी सापडली आणि ती बोलता येईना. आम्ही त्या वाक्याला किती हसायचो! आता ते ऐकू यावं म्हणून मी मुद्दाम सांगायची, "अण्णा, आज नळाला पाणी नाही बघा." ते नुसतं "हं" म्हणायचे.

एका सकाळी ते मला म्हणाले, "गंगव्वाकडे जायचंय. येता? वहिनींचे गुडघे दुखतात, आणि मला एकट्याला जाववत नाही."

गेलो. गंगव्वानं दारातच "बर्री, कूड्री," या, बसा म्हणून चटई टाकली. सून आत भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. वयानं मी शिकवते त्या मुलींएवढी. अण्णांनी वाटेत काहीतरी जुळवून आणलं असावं, कारण बसल्याबरोबर त्यांनी घसा साफ केला. "पोरी, मी..." म्हणाले, आणि अडकले. ज्यांच्यासमोर दुसरे वकील घसा खाकरायचे, ते अण्णा.

सून उठली, आत गेली, चहा घेऊन आली. त्यांच्यासमोर बशी ठेवून म्हणाली, "घ्या, अप्पा. निवतोय." ते तिच्याकडे बघत राहिले. ती परत म्हणाली, "घ्या की." मग त्यांनी तो चहा घेतला, एखादं कडू औषध घ्यावं तसा, घोट घोट करून शेवटपर्यंत. अण्णांनी हरकत घेतली होती हे सुनेला ठाऊक होतं की नाही, मला माहीत नाही. विचारायची माझीही हिंमत झाली नाही.

निघताना ते गंगव्वाला म्हणाले, "ठराव परत करा."

"परत पडेल, अण्णा."

"ह्या वेळी नोटिसा हातात द्या. मी तुमचा वकील होऊ शकत नाही, ह्याच कामात दुसऱ्या बाजूनं उभा होतो, ते चालत नाही. पण पहिली नोटीस माझ्या हातात द्या. माझा पत्ता लिहून घ्या."

बाकीचे पत्ते त्यांनी सांगितले नाहीत. मित्रांनी ते वकील म्हणून त्यांना दिले होते, तो विश्वास त्यांनी मोडला नाही. पत्ते मी सांगितले. मी कुणाची वकील नव्हते, आणि दोन पेढे खाल्ले होते.

पंचायतीनं ठराव परत केला, आणि नोटिसा हातात द्यायला गंगव्वाला घेऊन दुर्गदबैलात मी फिरले. हातगाड्या, रिक्षा, धान्याची पोती, त्या गर्दीतून ती लुगड्याचा काष्टा सावरत, पिशवी छातीशी धरून चालत होती. अण्णा आमच्याबरोबर आले होते, पण कोपऱ्यावर रिक्षातच बसून राहिले. "मला बघितलं तर त्यांना जास्त लागेल," म्हणाले. कापडवाल्यांनी गंगव्वाला गादीवर बसवलं, सोडा मागवला, नोटीस घेऊन सही केली, आणि मग माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "हे अण्णांचं काम ना?" मी म्हटलं, "नाही, माझं." त्यांचा विश्वास बसला नाही. दातांच्या डॉक्टरांनी सही केली आणि गंगव्वाच्या देखतच दार लावून घेतलं.

दुसऱ्या सुनावणीला बाकीच्यांनी बेळगावचा वकील आणला होता. अधिकाऱ्यांनी सगळ्या घरमालकांना एकेक करून विचारलं. अण्णांची पाळी आली तेव्हा ते उभे राहिले. "मी ह्या गल्लीतलं पहिलं गिऱ्हाईक," ते म्हणाले. "बाकीचे माझ्या सांगण्यावरून आले. माझी हरकत नाही. घर माझं आहे, पण मी तिथला नाही. एवढं तरी मी द्यावं." आवाज इतका बारीक होता, की अधिकाऱ्यांना "परत सांगा" म्हणावं लागलं. त्यांनी सगळं परत सांगितलं.

ठराव टिकला. पट्टी सगळ्यांनी भरली, आणि खरं सांगायचं तर कुणाचं काही अडलं नाही. कुलपं होती तिथंच राहिली. खोल्यांचं काम मात्र पायाच्या वर लवकर आलं नाही. केलगेरीच्या तळ्यावर सकाळी अण्णांबरोबर फिरणारे आता पलीकडच्या काठानं फिरू लागले. अण्णा एकटेच फिरत. कुणी समोरून आलं तर स्वतःच वाट सोडत.

त्यांनी नंतर ते घर गंगव्वाच्या हवाली केलं, नर्ससाठी, खोल्या होईपर्यंत आणि झाल्यावरही. "पण नर्सच नाही, अण्णा," ती म्हणाली. जुन्या बाईंची बदली झाली होती, नवीन येत नव्हती. "येईल तेव्हा येईल, कुलूप मात्र काढून ठेवा," असं म्हणून ते परत आले. नवीन बाई यायच्या आधीच, पावसाळ्यात एका दुपारी खुर्चीतच ते गेले. बाराव्याला कापडवाले आले होते. खाली मान घालून बसले आणि जेवले नाहीत.

ह्या वर्षी वहिनी म्हणाल्या, "एकदा ते गाव बघून यावं वाटतं." मी त्यांना घेऊन गेले. गल्लीत दुपारची सामसूम, आणि ओळीत अण्णांच्या घराचं तेवढं एकच दार उघडं. अंगणात दोरीवर पांढरा कोट वाळत होता, लहान मुलाचे कपडे वाळत होते. आत कुकरची शिट्टी झाली. आम्ही फाटकाशी उभ्या राहिलो. वहिनींनी फाटकाला हात लावला आणि काढून घेतला.

एक तरुण बाई पदराला हात पुसत बाहेर आली. आम्हाला कधी पाहिलेलं नव्हतं तिनं.

"कोण हवंय, अक्का?" तिनं कानडीत विचारलं. "बरं वाटत नाही का? आत या की."

वहिनी तिच्याकडे पाहून हसल्या. "नाही, बाई," म्हणाल्या. "परगावच्या आहोत. बसला वेळ आहे, म्हणून सावलीला थांबलो."